फूटरखालची ओळ

वरची ओळ हलली नाही, त्यावरून त्याने आपला तक्ता ओळखला. काचेपलीकडे सिस्टरने माउसचं चाक फिरवलं, पडद्यावरची मधली नावं सरसर वर गेली, पण नाव, वय, तक्रार, निकड, आल्याची वेळ ही शीर्षकं जिथल्या तिथे बसून राहिली, आणि तळाची बेरजेची पट्टी, फूटर, तीही जागची हलली नाही. मग तिने ‘निकड’वर क्लिक केलं. शीर्षकाशेजारचा छोटा त्रिकोण उलटा झाला, ओळींनी एकमेकींना ओलांडत जागा बदलल्या, एक फिकट राखाडी, एक पांढरी, पुन्हा एक फिकट राखाडी. त्याला आधी हसूच आलं. अनोळखी माणसाच्या अंगावर आपल्या आईने शिवलेला सदरा दिसावा, तसं. तो राखाडी त्याने स्वतः निवडला होता, आठवडाभर घोळ घालून, म्हणजे पाहणाऱ्याच्या डोळ्याला कळू नये पण बोट भलत्या ओळीवर घसरू नये इतकाच. कंपनीने तक्ता कुठेकुठे विकला याचा त्याला पुरता पत्ता नसे. आणि आता तो इथे, तातडीच्या विभागाबाहेर, बाटलीत पाणी भरायला म्हणून उठलेला, बाटली रिकामीच हातात घेऊन उभा होता.

आई खुर्चीत बसली आहे. पिशवी मांडीवर.

तो तिच्याजवळ परत गेला. “आई, तो काचेतला तक्ता बघ. मी केलाय.”

“कुठला, तो टीव्ही?”

“टीव्ही नाही गं. त्यातला तक्ता. नावांचा.”

तिने मान थोडी पुढे काढली, डोळे बारीक केले, शिवणीचा टाका तपासावा तशी पाहत राहिली. “छान आहे,” ती म्हणाली. “रेघा सरळ आल्यात.” मग श्वास घ्यायला थांबली. “आपलं नाव आहे का त्यात?”

असणारच, तो म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याच्या लक्षात आलं की आपल्यानंतर आलेले बरेच जण आत जाऊन आले. हात भाजलेली मुलगी गेली. पाय मुरगळलेला एक जाडजूड माणूस तर आत जाऊन, पट्टी बांधून, बायकोशी भांडत घरीही गेला. सकाळपासून ही दोघं इथे होती. सकाळी जिना उतरताना आई दोनदा पायरीवर बसली होती, छातीवर कुणी ओली गादी टाकल्यासारखं वाटतंय म्हणाली होती. पण नोंदणीच्या खिडकीपाशी तीच आई एकदम पाहुणीसारखी सावरून उभी राहिली. “काही नाही हो, खांदा भरून आलाय. जन्मभर मशीन चालवलं ना. हाच उगाच घेऊन आला.” तो त्या वेळी शेजारी नव्हता. दाराशी फोनवर होता, ऑफिसच्या. परत आला तेव्हा कागदावर खांदा लिहून झाला होता, निकडीच्या रकान्यात सगळ्यात खालचा आकडा पडला होता, आणि आईने त्याच्याकडे असं पाहिलं, की आता लोकांसमोर मला खोटं पाडू नकोस.

लोकांसमोर ती नेहमीच बरी असे. गिऱ्हाईक दाराशी आलं की तापातही उठून टेप गळ्यात अडकवायची. तो आणि ताई तिची नक्कल करायचे, कण्हत कण्हत लोळायचं आणि दार वाजलं की टुणकन उठायचं, ‘या ना, या, मापं घेऊ या’. आई हसायची, हसताना तोंडातल्या टाचण्या ओठांनी घट्ट धरून. आता त्याला ते हसू आठवेना, टाचण्याच आठवत होत्या. ओठांच्या कडेला ओळीने लावलेल्या, डोकी बाहेर, टोकं आत.

तो पुन्हा काचेपाशी गेला. खोलीत बाहेरचा उजेड येत नव्हता; छतातले दिवे असे पसरट होते की कुणाचीच सावली पडत नव्हती, आणि सावलीवाचून माणसं खुर्च्यांवर नुसती ठेवल्यासारखी दिसत होती. आतल्या दाराला रबराच्या झडपा होत्या. कुणी आत गेलं की त्या फटफट आपटायच्या, मग हळूहळू, मग थांबायच्या, आणि त्या थांबल्या की खोलीतले सगळे तिकडून नजर काढायचे. त्याने सिस्टरच्या खांद्यावरून पडद्याकडे पाहिलं. तिने चाक फिरवत तळ गाठला. एकेक नाव त्याने वाचलं. आईचं नव्हतं. त्याने वरून पुन्हा वाचलं.

“सिस्टर, आमचं नाव दिसत नाहीये.”

“येईल की. निकडीप्रमाणे बोलावतात.” तिने मान वर केली नाही. “दादा, काचेला टेकू नका, आताच पुसलीये.”

“नाही, यादीतच नाहीये.”

“असं कसं होईल? नोंद झाली ना तुमची? मग आहे.” तिने पेनाचं टोक तळाच्या पट्टीवर टेकवलं. “एकूण बघा. सकाळी लिहून घेतलेले, आत गेलेले, उरलेले. मी तासातासाला खुर्च्यांशी ताडून बघते. सगळे धरलेत.”

एकूण बरोबर आहे.

बरोबर असणारच होतं. ती बेरीजही त्यानेच लिहिली होती, आणि ती पडद्यावरच्या ओळींकडे पाहून होत नसे, पोटातल्या नोंदींवरून होत असे. ऑफिसातला त्याचा साहेब, ज्याला सगळे पाठीमागे डेमो म्हणत, कारण त्याला वस्तू चालते की नाही यापेक्षा ती दाखवताना कशी दिसते याचीच फिकीर, तो टेबलावर तळहात आपटून म्हणाला होता: वरचं हलता कामा नये, खालचं हलता कामा नये, मधल्यांचं काय ते बघून घ्या. मोठा माणूस यादी बघतो तेव्हा त्याला दोनच गोष्टी लागतात, वर कशाचं आहे आणि खाली किती आहे. सगळे हसले होते. तोही हसला होता. मग बसून त्याने ते अगदी तसं केलं होतं. शीर्षकांची ओळ वरच्या कडेला चिकटवली, बेरजेची तळाला, आणि मधल्या ओळी दोन्हींच्या पाठीमागून सरकत्या ठेवल्या, पडद्यांमागून माणसं जावीत तशा. सरकत जाणारं नाव त्या पट्टीखाली शिरायचं आणि नाहीसं व्हायचं. पहिल्यांदा ते दिसलं तेव्हा तो खुशीत कितीतरी वेळ चाक फिरवत बसला होता, वर, खाली, वर, खाली.

पट्टीखाली.

त्याने पुन्हा पाहिलं. तळाच्या पट्टीच्या लगेच वर, नखाच्या कडेएवढी एक चीर होती. तिथे अक्षरं नव्हती. नुसती आडवी रेघ होती, शिरोरेघ, मध्ये मध्ये तुटलेली, आणि तिच्यावर बारीक खुणा. पहिल्या नावावर वेलांटीची कमान. मधल्यावर एक मात्रा आणि तिला लागून टिंब. आडनावावर रफार.

शाळेतून घरी येताना वळणावर आईच्या दुकानाची पाटी दिसायची. दिसायची म्हणजे अर्धीच. शेजारच्या किल्लीवाल्याने आपलं ताडपत्रीचं छप्पर बरंच पुढे ओढलं होतं आणि पाटीचा खालचा भाग त्याने झाकला जायचा. आई आणि किल्लीवाला यावरून भांडत, तेही मजेत. “अहो, तुमच्या छपराने माझं नाव खाल्लं.” “बाई, तुमचं नाव सगळ्या गल्लीला पाठ आहे, छपराने काय होतंय.” तर वळणावरून दिसायची ती रेघ आणि रेघेवरच्या खुणा. कमान, मात्रा, टिंब, रफार. वाचायला शिकायच्या आधीपासून तो त्यांवरून घर ओळखत होता. खालचं अंग त्याला कधी लागलंच नव्हतं. आणि आता, इतक्या वर्षांनी, काचेच्या दुसऱ्या बाजूला त्याच चार खुणा एका पट्टीवर डोकं काढून उभ्या होत्या, आणि त्यांच्यामागचा रंग राखाडी नव्हता, पांढराही नव्हता. तांबडा होता. धाग्याएवढा. तो रंगही त्याने निवडला होता: निकड कितीही कमी लिहिलेली असो, रुग्ण ठरल्या वेळेपेक्षा जास्त ताटकळला की त्याची ओळ आपोआप तांबडी व्हावी, म्हणजे दुर्लक्ष होणारच नाही.

आई खुर्चीत बसली आहे. पिशवी मांडीवर. तिने डोळे मिटलेत.

पण ऑफिसात तपासताना त्याच्याकडे असं कधी झालं नव्हतं. त्याने किती वेळा तळापर्यंत सरकवून पाहिलं होतं. प्रत्येक वेळी शेवटचं नाव पट्टीच्या वर स्वच्छ, पुरं दिसायचं. का दिसायचं, ते त्याला तिथे, रिकामी बाटली छातीशी धरून उभं असताना कळलं. तपासणीसाठी तो जी खोटी नावं भरायचा, त्यांच्या शेवटी नेहमी एक कोरी ओळ सोडायचा. कुणी सांगितलं नव्हतं. हाताची सवय. आई कापड बेतताना म्हणायची, कडेला माया सोड, अंगाबरोबर कापू नये, माणूस वाढतो, जाडावतो, शिवण उसवते, आत थोडं कापड असू दे, कुणाला दिसत नाही पण वेळेला तेच उपयोगी पडतं. तो आठवीत असताना तिने त्याला पडद्याचं कापड कापायला दिलं होतं आणि तो रेघेवरून काटेकोर कापून मोकळा झाला होता. त्यांच्या घरच्या खिडकीत तो पडदा वर्षानुवर्षं चार बोटं आखूड लोंबत राहिला आणि खालच्या फटीतून रस्त्यावरचे पाय दिसत. तेव्हापासून तो कशातही माया सोडायचा. पानाला समास, प्रवासाला वेळ, यादीला कोरी ओळ. आणि ओळी कशाही लावल्या तरी कोरी तळाशीच राहावी, असंही त्याने लिहून ठेवलं होतं. म्हणजे इतके दिवस पट्टीखाली ती कोरी ओळ जात होती. तिला आपण झाकलो गेलो असं वाटायचं कारण नव्हतं. पट्टीच्या उंचीएवढी जागा तळाला सोडायची राहून गेलीय हे तिने त्याला कळूच दिलं नाही. त्याने माया नावांत सोडली होती, तक्त्यात नव्हे. आणि इथल्या यादीत कोरी ओळ कुठून असणार? इथे शेवटपर्यंत माणसंच होती.

मग ज्या ज्या ठिकाणी तो तक्ता गेला असेल. पाण्याच्या तक्रारी. शाळांचे प्रवेश. आगीचे बंब कुठे पाठवायचे त्याची खोली. शवागारातही गेला होता, आणि तिथे तरी कुणाला घाई नाही, असं डेमो म्हणाला होता. नावाने लावा, वयाने लावा, वेळेने लावा. कशानेही लावलं तरी कुणीतरी शेवटचं असतंच. त्याला आईच रकान्यांत लावलेली दिसू लागली: वयाने लावली तर वर टाचण्या, मग चष्मा, मग आताचा गुडघ्याचा पट्टा, आवाजाने लावली तर वर ते भांडण, किल्लीवाल्याशी, आणि कशानेही लावली तरी सगळ्यात खाली काहीतरी उरत होतं जे त्याला वाचता येत नव्हतं. सकाळी जिन्यात ती काहीतरी म्हणाली होती. ओल्या गादीनंतर. फोन वाजला होता.

“सिस्टर, तुमचा तक्ता शेवटचं नाव दाखवत नाहीये. पट्टीखाली जातंय ते.”

“कसली पट्टी?”

“ही बेरजेची. तिच्याखाली अजून एक ओळ आहे. ती बघा, तांबडी कड दिसतेय.”

तिने मान तिरकी केली. “ती बॉर्डर आहे.”

“बॉर्डर नाही. मी केलाय हा तक्ता.”

आता तिने पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं. बाटली, चुरगळलेला शर्ट, काचेवर उमटलेले त्याचे पंजे. शेजारच्या टेबलावरचा क्लार्क खुर्ची मागे रेलून म्हणाला, “मग बरं झालं भेटलात. त्या प्रिंटरचंही बघा जरा.”

“तुम्ही कंपनीचे आहात का? मग कंपनीला कळवा,” सिस्टर म्हणाली. “आम्ही कळवलं की ते म्हणतात, आमच्याकडे बरोबर दिसतंय.”

ते वाक्य त्याला ओळखीचं होतं. त्याने ते किती वेळा लिहिलं होतं, कुणाकुणाला, हे आठवायला तो थांबला नाही. “एकच करा. ‘आल्याची वेळ’वर क्लिक करा. एकदाच.”

“डॉक्टरांना निकडीप्रमाणेच लागतं. विस्कटलं की माझ्यावर ओरडतात.”

“विस्कटत नाही. पुन्हा क्लिक केलं की परत लागतं. सिस्टर, माझी आई सकाळपासून बसलीय.”

हे शेवटचं तो मोठ्याने म्हणाला असावा, कारण मागच्या खुर्च्यांवरची कुजबुज थांबली. सिस्टरने तोंडाने च् केलं आणि क्लिक केलं.

त्रिकोण फिरला. ओळी एकमेकींतून गेल्या. सगळ्यात वर, न हलणाऱ्या शीर्षकांच्या लगेच खाली, आईचं नाव आलं, पुरं, पायांसकट, उकार आणि जोडाक्षरांसकट, आणि डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत तांबडं. काचेवर त्याचा उजेड पडला. क्लार्कची खुर्ची जमिनीवर टेकली. सिस्टर उठली, उठताना पेन खाली पडलं तेही तिने उचललं नाही.

मग भराभर झालं. चाकांची खुर्ची आली. तरुण डॉक्टर होती, केस कसेबसे गुंडाळलेली, तिने आईचं मनगट धरलं, कपाळावरचा घाम पाहिला, डावा हात कुठे दुखतोय विचारलं, आणि आई तशाही स्थितीत तिला म्हणाली, “काही नाही हो, तुमचं आधी आवरा.” डॉक्टरने मान वळवून त्याला विचारलं, “कधीपासून असं आहे?” तो म्हणाला सकाळपासून. “आणि खांदा कुणी लिहिला?” आईने पिशवी त्याच्या हातात दिली. तिची बोटं गार होती आणि ओली होती. “ताईला आताच फोन करू नकोस,” ती म्हणाली, “उगाच घाबरेल.” त्याने विचारलं, “आई, सकाळी जिन्यात काय म्हणत होतीस?” तिने त्याच्याकडे पाहिलं, ओठ हलले, आणि खुर्ची वळली. रबराच्या झडपा आपटल्या. मग हळूहळू. मग थांबल्या. थोड्या वेळाने डॉक्टर अर्धी बाहेर येऊन म्हणाली, हृदयाचंच आहे, उशीर झालाय, किती झालाय ते आता सांगता येणार नाही, इथेच थांबा.

खुर्ची रिकामी आहे. पिशवी त्याच्या मांडीवर.

तो आईच्याच जागी बसला. खुर्ची अजून कोमट होती. पिशवीत हात घातला तर टेप लागला, गुंडाळलेला, कडा झिजलेला. दवाखान्यात येतानाही तिने तो घेतला होता. त्याने तो बोटांभोवती गुंडाळला, सोडला, गुंडाळला. काचेपलीकडे सिस्टर पुन्हा जागेवर बसली होती. आतून कुणीतरी काहीतरी ओरडलं आणि तिने ‘निकड’वर क्लिक करून यादी होती तशी लावून टाकली. तळाच्या पट्टीवरचा आकडा एकाने कमी झाला.

एकूण बरोबर आहे.

इथून चीर दिसत नव्हती. दिसत नव्हती ते बरंच, असं त्याला क्षणभर वाटलं. आपलं माणूस आत गेलंय. आता आपण नुसतं थांबायचं, झडपांकडे पाहायचं, इतकंच काम. बाकीचं उद्या ऑफिसात. पण उठायचं नाही असं ठरवत असतानाच तो उठला होता, काचेपाशी गेला होता. चीर तिथेच होती. तिच्यात नवी शिरोरेघ होती, लांबलचक, जवळजवळ सपाट. सुरुवातीला एक टिंब, आणि पार शेवटी एक वेलांटी. रंग अजून राखाडी होता. की दिव्यामुळे तसा दिसत होता.

तो वळला. खुर्च्यांवर माणसं ठेवलेली होती. एक बाई मुलाच्या पाठीवर थोपटत होती. दोघे भाऊ असावेत, एकाच फोनमध्ये डोकं घालून. आणि आईच्या शेजारच्या खुर्चीत एक छत्रीवाले काका, या दोघांच्या बऱ्याच वेळानंतर आलेले, छत्रीच्या मुठीवर हनुवटी टेकून. आई त्यांच्याशी बोलली होती. नातीने आणून सोडलं आणि कॉलेजला गेली म्हणाले होते. पोटात जरा गडबड आहे, बाकी ठणठणीत.

तो त्यांच्यासमोर वाकला. “काका, तुम्हाला बोलावलं का हो?”

काकांनी डोळे उघडायला वेळ घेतला. “बोलावतील,” ते म्हणाले. “घाई नाही. आईंचं झालं ना तुमच्या? बरं झालं. फार शांत बाई.” त्यांचे ओठ पिठासारखे पांढरे होते.

“तुमचं नाव काय?”

काकांनी नाव सांगितलं, वडिलांचं सांगितलं, आडनाव सांगितलं, शाळेत हजेरी द्यावी तसं सावकाश. तो डोळे मिटून ते लिहीत गेला, पाटीवर, वळणावरच्या त्या पाटीवर, आणि मग त्यावर ताडपत्री ओढली. अक्षरं खालून बुडाली. एक टिंब राहिलं. मग सपाट, सपाट, सपाट. मग ती वेलांटी.

त्याच्या पाठीमागे रबराच्या झडपा आपटल्या, आणि डॉक्टर आईचं नाव घेऊन विचारत होती, यांच्यासोबत कोण आहे. तो वळला नाही. त्याने काकांचा हात धरला होता, आणि काचेकडे तोंड करून, पंजा काचेवर पुरा उमटेल असा टेकून, तो सिस्टरला सांगत होता: अजून एकदा, सिस्टर, अजून एकदा क्लिक करा.